चाकाखालची वाट

एकतीस वर्षं मी कॅफेपाशी उजवीकडे वळले.
सकाळी सहाला, डोक्याला रुमाल, हँडलला डबा,
वामी तळायच्या कारखान्याकडे.
पायाखालची वाट म्हणतात,
माझी चाकाखालची होती:
डांबर कुठे फुगलंय, कुठलं कुत्रं पोटरीशी झेपावतं,
कुठल्या भिंतीपासून कागदाच्या गिरणीचा
कुजक्या कोबीचा वास सुरू होतो,
डोळे मिटून सांगितलं असतं.

ऑक्टोबरात कारखान्याला कुलूप लागलं.
बोटांतला व्हिनेगर नाताळापर्यंत टिकला,
मग तोही गेला.

आणि जूनमधल्या एका मंगळवारी
(ठरवलं काहीच नव्हतं, पाव आणायला निघाले होते)
हँडल डावीकडे वळलं.
मी वळवलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.
ग्रासिएत कॅफेच्या दारातून ओरडली,
"देओलिंदा, तिकडे काय आहे?"
"बघते," म्हटलं.

तिकडे डांबर लगेच संपतं.
पुढे शिंपल्यांचा चुरा,
टायरखाली कुणी खडीसाखर खातंय असा आवाज.
विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं,
त्यात काटक्यांसोबत कुणाचा तरी निळा मोजा.
मग भात.
भात!
साठ वर्षं मी तांदूळ दुकानातून आणला,
आणि इथे, घरापासून तीन किलोमीटरवर,
तो घोटाभर पाण्यात उभा,
कोवळा, ओळीत, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा गप्प.
मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं म्हणा.

सायकल अल्बानोची, दांड्याच्या ब्रेकांची,
चढावर माझ्याशी भांडणारी. इथे चढच नाही,
तेव्हा आमचं दोघींचं बरं जमलं.

खाडीच्या कडेला मिठागर, बांध खचलेला,
त्यात रोहित पक्षी, चिखलात चोच खुपसून,
जणू हरवलेली किल्ली शोधताहेत.
एक म्हातारा उलट्या होडीला डांबर फासत होता.
वर न बघता म्हणाला, "कुणाची तू?"
मी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी मुलगी झाले.
"झुल्मिराची. पुलाखालच्या."
त्याने ब्रश खाली ठेवला.
"झुल्मिराने माझ्याकडून दोन पोती मीठ नेलं होतं.
पैसे राहिलेत."

आई जाऊन बावीस वर्षं झाली.
मी पावाचे पैसे काढून त्याच्या तळहातावर ठेवले.
त्याने मोजले, दोन नाणी परत दिली,
"तेव्हाचा भाव कमी होता," म्हणाला,
आणि पुन्हा डांबर.

बांधाच्या टोकाला रस्ता नुसता थांबतो.
समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे
एक बुटकं घर, पिवळी खिडकी, अंगणात दोरी.
कुणाचं असेल असं वाटेपर्यंत
खिडकी ओळखीची झाली.
मीच रंगवली होती, कडेला ओघळ आलेत.
दोरीवर माझे कपडे. दोरीपाशी अल्बानो.
माझ्यादेखत त्याने कधी चिमटासुद्धा काढला नाही,
तो माझा एप्रन घडी करत होता.
केली. उलगडली. पुन्हा केली.
मग कडेला कडा लागत नाही म्हणून
छातीशी धरून तसाच उभा राहिला.

मी घंटी वाजवली, तीनदा.
दुपारचा उत्तरेचा वारा सुटला होता,
त्याने आवाज दक्षिणेला नेला,
तिकडच्या कुणाला ऐकू आला असेल.

परतताना वारा तोंडावर.
सायकल पुन्हा भांडायला लागली.
भातापाशी उतरून चालले,
तशी बेडकं गप्प झाली, मी गेल्यावर पुन्हा सुरू.

"पाव?" अल्बानोने विचारलं.
"आईच्या उधारीत गेला."
त्याने थोडा वेळ माझ्या चपलांकडे पाहिलं,
त्यांवर शिंपल्यांची पांढरी पूड.
"होतीस कुठे?"
"समोर."

एप्रन खणात होता,
चुकीच्या घडीत.
मी तो तसाच राहू दिला.